तोंग उस्तादांचे कान

चीनमधल्या मुदानच्यांगच्या मालगाडी यार्डात तोंग दलू चाकं तपासायचे. हातोडी मारायची, आवाज ऐकायचा, तडा ओळखायचा. एकतीस वर्षं हेच काम. मी गाडीच्या दुसऱ्या अंगाने चालणारा त्यांचा जोडीदार. त्यांची चूक कधी झाली नाही, म्हणून सगळे त्यांना उस्ताद म्हणत.

त्या हिवाळ्यात लुआन यिंग नावाची इंजिनियर आली. तिचं यंत्र चाकांचे आवाज ऐकून शिकणार होतं, आणि शिकवायचं उस्तादांनी. तिने दोनशे आवाज ध्वनिमुद्रित करून त्यांना खोलीत बसवून ऐकवले.

निम्मे चुकले.

"थंडीने कान बसले का हो?" मी थट्टा केली. ते हसले नाहीत.

लुआनने वर काही कळवलं नाही, त्यांना कानाच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वरच्या पट्टीतलं तुम्हाला ऐकूच येत नाही. निदान दहा वर्षं झाली असतील."

"काहीतरीच! कालच एक तडा ऐकलाय मी."

तिथून ते तडक यार्डात आले. कानांत कापूस कोंबला, वर कानटोपी ओढली आणि दुरुस्तीला काढलेली वीस चाकं वाजवली. त्यांतली तीन फुटकी होती. तिन्ही पकडली.

लुआनने खुणेने विचारलं, "ऐकू आलं?"

"स्वच्छ."

ती त्यांच्या हाताकडे बघत राहिली. मग तिने कापूस काढायला लावला आणि हातोडीच्या दांड्याला जाड लोकर गुंडाळून दिली. उस्तादांनी फुटक्या चाकावर मारलं. पुन्हा मारलं. तिथेच उभे राहिले.

"मुकं झालं गं सगळं."

"उस्ताद, हादरा हाताला कळतो. आवाज तुमचं डोकं काढतं, पूर्वी ऐकलेला."

"आणि तुझं यंत्र?"

"त्याला नुसते आकडे. त्याला काही ऐकू येतं का, मला नाही सांगता येत."

तिने दांड्यातच हादरे मोजायची सोय केली, तेव्हा कुठे यंत्र शिकू लागलं. उस्तादांना मात्र रुळांवरून हलवलं; मागून इंजिन आलं तर कळणार कसं? ते शेडमध्ये बसून यंत्रासाठी चाकं वाजवत.

वसंतात श्रवणयंत्र आलं. ते लावलं तेव्हा मी त्यांच्या घरीच होतो. त्यांच्या पत्नी शियूछिनवहिनी म्हणाल्या, "काय हो, येतंय का ऐकू?"

उस्ताद दचकले. आवाज घोगरा होता, म्हातारा.

"तुझा आवाज असा कधी झाला?"

"झाली की बरीच वर्षं."

"मला तर अजून तोच यायचा... लग्नातला."

वहिनी उठल्या. त्यांच्याजवळ जाऊन बसल्या.