सहाच्या खालचं टिंब

घरी तिला सूनबाई म्हणत आणि कचेरीत मॅडम. आपण घरचंच नाव धरू. जुनी घड्याळं, कंदील, दुर्बिणी, असल्या वस्तू इंटरनेटवर लिलावाला लावणाऱ्या एका कंपनीत ती वर्णनं लिहायची. म्हणजे फोटो दुसऱ्याचा आणि त्याखालच्या दहा ओळी हिच्या. त्या दहा ओळींची भाषा तिला पहिल्याच आठवड्यात शिकवली गेली. तडा गेला असेल तर 'वयाला साजेशा खुणा' लिहायचं. बंद पडलेलं असेल तर 'चालवून पाहिलेलं नाही'. भंगारवाल्याकडून उचललं असेल तर 'एका जुन्या घरातून'. शोधून खोटा शब्द सापडायचा नाही आणि खरा तर औषधालाही नाही! नोकरी तात्पुरती होती. सहा महिने धड काढले की साहेब कायम करणार होते, आणि साडेपाच झाले होते.

कामाची रीत सोपी होती. नवीन घड्याळ आलं की मागच्या तशाच घड्याळाचं वर्णन उचलायचं, लांबी-रुंदी बदलायची आणि लावून द्यायचं. तिच्या आधीच्याने तेच केलं होतं, त्याच्या आधीच्यानेही तेच. त्यामुळे पांढऱ्या तबकडीच्या घड्याळांखाली एक ओळ वर्षानुवर्षं जशीच्या तशी उतरत आली होती: 'तबकडी मूळ, कुणाचाही हात न लागलेली, सहाच्या आकड्याखाली कारखान्याचं बारीक टिंब, ही अस्सलपणाची खात्रीशीर खूण.' ही ओळ पहिल्यांदा कुणी लिहिली, देव जाणे. पण हौशी लोकांनी ती डोक्यावर घेतली. 'टिंबवाली घड्याळं' अशी त्यांची वेगळी जातच पडली, आणि साध्या घड्याळांच्या दुप्पट बोली त्यांच्यावर लागू लागली.

अशाच एका टिंबवाल्याचा लिलाव दुसऱ्या दिवशी पाच वाजता संपणार होता. बोली कधी नव्हे इतकी चढली होती. त्या संध्याकाळी सूनबाई घरी आली तीच मुळी छाती फुगवून. सासूबाई स्वयंपाकघरात टेबलाशी शेंगा सोलत बसल्या होत्या.

सासूबाई सत्तरीच्या पुढच्या, काटकुळ्या, आणि कापऱ्या हातांच्या. त्यांनी कप बशीत ठेवला की असा खडखडाट व्हायचा की त्यांचा मुलगा आतल्या खोलीतून ओरडायचा, "आईचा चहा झाला वाटतं!" लग्नाला चार वर्षं झाली तरी सूनबाईला एवढंच ठाऊक होतं की पूर्वी त्या घड्याळांचं काहीतरी करायच्या आणि मोतीबिंदूनंतर त्यांनी ते सोडलं. काय करायच्या, हे तिने कधी विचारलं नव्हतं. घरच्या माणसाला कोण विचारतं?

"आई, मी काय लिहिलंय ते ऐका तरी," म्हणत तिने वर्णन वाचून दाखवलं.

सासूबाईंच्या हातातली शेंग हातातच राहिली. "टिंब कुठे म्हणालीस?"

"सहाच्या खाली. कारखान्याचं."

"फोटो मोठा कर बघू."

त्यांनी मोबाइल पार नाकाला लावला आणि एकाएकी हसायला लागल्या. "मूळ? हात न लागलेली? इतकं बरं जमलं होतं का गं?"

"काय जमलं होतं?"

"अगं, ही तबकडी मी रंगवलीये. ते टिंब माझं आहे."

मग शेंगा बाजूला राहिल्या. चाळीस वर्षं सासूबाई खिडकीशी बसून झिजलेल्या तबकड्या नव्याने रंगवत होत्या. घड्याळवाल्यांची माणसं वर्तमानपत्रात गुंडाळून तबकड्या आणून द्यायची आणि तशीच गुंडाळून न्यायची. सुरुवातीच्या दिवसांत एका दुकानदाराने त्यांची तबकडी जुनी, मूळची म्हणून एका शाळामास्तरांना विकली. मास्तरांना कळलं तेव्हा ते पत्ता शोधत दारात आले. भांडले नाहीत. एवढंच म्हणाले, "बाई, तुमचा हात देवाने दिलाय. तो कुणाला फसवायला वापरू नका." सासूबाईंनी त्याच दिवशी कानाला खडा लावला. तेव्हापासून प्रत्येक तबकडीवर सहाच्या खाली मोहरीच्या पावपट एवढं टिंब. दुकानदाराला बजावून सांगायचं, टिंब असेल तर तबकडी पुन्हा रंगवलेली आहे, गिऱ्हाइकाला तसं सांगा. सगळे दुकानदार मान डोलवायचे.

"मान डोलवायला काय जातंय मेल्यांचं," त्या म्हणाल्या. "अशी किती विकलीत तुम्ही?"

कंपनीच्या जुन्या विक्रीची पानं कुणालाही पाहता येत होती. सूनबाई एकेक फोटो मोठा करून बघत गेली आणि टिंबं मोजत गेली. एकतीस. पण तिला थक्क केलं ते निराळ्याच गोष्टीने. एका तबकडीवरच्या सातला लांब शेपटी होती, दुसरीवरचा सात काठीसारखा सरळ. कुठे आकडे गुटगुटीत, कुठे सुईसारखे. ज्या जुन्या कारागिराची तबकडी, हुबेहूब त्याचंच अक्षर! एकतीस निरनिराळी अक्षरं, आणि सगळी त्या एका हातातून उतरलेली. आपण या बाईंना रोज भाजीत मीठ कमी पडलं म्हणून सांगतो, हे आठवून तिला अक्षरशः घाम फुटला.

"आई, तुम्ही कोण आहात हो?" ती म्हणाली.

सासूबाई मात्र आता हसत नव्हत्या. "म्हणजे एकतीस माणसं फसली."

"त्यात तुमचा काय दोष?"

"टिंब माझं ना? त्यावरच विश्वास ठेवून घेतली त्यांनी. आणि उद्या बत्तिसावा." त्यांनी शेंगांची परात पुढे ओढली, पण एकही शेंग सोलली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी सूनबाई साहेबांसमोर उभी राहिली. बरोबर ठेवणीतले कपडे घातलेल्या सासूबाई, हातात एक पत्र्याची डबी. सगळं ऐकून घेऊन साहेब प्रसन्न हसले. "मॅडम, टिंब काय, कुणीही काढेल. माशीसुद्धा काढते."

"मग माशीला बोलवा," सासूबाई म्हणाल्या, "आणि तोवर मला जरा उजेडाकडे बसू द्या."

लिलावाचं घड्याळ कपाटातून काढून टेबलावर आडवं ठेवलं गेलं. सासूबाईंनी डबी उघडली. आत काळ्या रंगाची बाटली आणि तीन ब्रश, त्यातल्या सर्वांत बारक्याला जेमतेम चार केस. साहेबांचंच एक कार्ड त्यांनी पालथं केलं. बाटलीचं झाकण काढताना त्यांचा हात इतका कापत होता की शेजारच्या टेबलावरच्या मुलीने तोंड फिरवलं. सूनबाईच्या मनात आलं, आणलं कशाला आपण यांना इथे?

ब्रश कागदाला टेकला आणि हात थांबला. कापरं असं गेलं की जणू ते दुसऱ्याच कुणाचं होतं. सासूबाईंनी श्वास रोखला. रेघ वरून बारीक निघाली, वळणावर भरली, पोटाशी पुन्हा बारीक झाली आणि जिथे मिळायची तिथे मिळाली. एक सहा. त्याखाली ब्रश नुसता टेकला न टेकला, आणि टिंब. एव्हाना कचेरीतली सगळी माणसं खुर्च्या सोडून भोवती जमली होती. सूनबाईच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते पुसायचंही तिला भान राहिलं नाही.

साहेबांनी भिंग घेतलं. आधी कार्ड पाहिलं, मग तबकडी, पुन्हा कार्ड.

"आजी, मानलं तुम्हाला," ते खुर्ची जवळ ओढून म्हणाले. "आता असं करू. ही गोष्ट आपल्यातच राहू द्या. माझ्याकडे मागे पंचवीस झिजलेल्या तबकड्या पडल्यात. तुम्ही त्या करा. टिंबासकट! आणि मॅडमना आजपासून कायम केलं असं समजा."

सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं. त्या काही बोलल्या नाहीत, कारण नोकरी त्यांची नव्हती. सूनबाईला वाटलं, यांनीच नाही म्हणून टाकावं, म्हणजे आपण सुटू. पण म्हातारी आपली ब्रश पुसत बसलेली, आणि हात पुन्हा कापायला लागलेला.

सव्वाचार वाजले होते. सूनबाई आपल्या टेबलाशी गेली, ती जुनी ओळ तिने खोडली आणि पहिल्यांदाच कुणाचं न उचलता स्वतःचं वाक्य लिहिलं: 'तबकडी पुन्हा रंगवलेली आहे. सहाच्या खालचं टिंब रंगवणारीने मुद्दाम काढलंय, ते हेच सांगण्यासाठी.' साहेब पोचेपर्यंत ते लागलंही होतं. आकडा भराभर खाली आला. लोकांनी बोल्या मागे घेतल्या. पाच वाजता घड्याळ एका साध्या घड्याळाच्या भावाने गेलं, आणि सूनबाईला उद्यापासून येऊ नका असं सांगण्यात आलं.

घरी जाताना सासूबाई एकच वाक्य बोलल्या. "मी नाही म्हटलं असतं ना, तर तू जन्मभर माझ्या नावाने बोटं मोडली असतीस."

पुढचे आठ दिवस दोघींनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर काम केलं. जुन्या विक्रीच्या प्रत्येक पानाखाली अभिप्रायाची जागा होती. तिथे सूनबाईने एकतीस वेळा लिहिलं की वर्णन चुकलं होतं, ते का चुकलं आणि टिंबाचा खरा अर्थ काय. तबकडी नवी करताना जुनी किती झिजली होती, हे सासूबाई प्रत्येक फोटो बघून सांगत. एकतीसच्या एकतीस त्यांना आठवत होत्या! काहींनी शिव्या घातल्या, बऱ्याच जणांनी काहीच लिहिलं नाही. शिव्या सूनबाई गाळायला बघायची, पण सासूबाई म्हणायच्या, "वाच, वाच. त्या माझ्याच आहेत."

नवव्या दिवशी एक उत्तर आलं. लिहिणाऱ्याने ते घड्याळ आईसाठी घेतलं होतं. आईला आता जवळचं काही दिसत नाही, पण त्या तबकडीवरची वेळ तिला पलंगावरून वाचता येते, असं त्याने लिहिलं होतं. घड्याळ परत करायचं नाही. फक्त रंगवणाऱ्या बाईंचं नाव कळवा, आईला सांगायचंय.

सूनबाईने ते तीनदा वाचून दाखवलं. सासूबाईंनी कप खाली ठेवला, खडखडाट झाला.

"काय लिहू, आई? नाव सांगू ना?"

"नावाचं बघू मग," सासूबाई चष्मा पुसत म्हणाल्या. "आधी त्यांना विचार, पाच आणि सहाच्या मध्ये रंग धरून आहे का. तिथे पत्रा गंजलेला होता, मला तेव्हापासून शंका आहे. सुटला असेल तर म्हणावं, घेऊन या. मी करून देते."