कडूबाईची सावड

सावड हा शब्द मला कडूबाईने शिकवला. मी लग्न होऊन वडवणीजवळच्या आमच्या गावात नवीन होते. नवरा वारलेल्या कडूबाईकडे एकच बैल. भावकीतल्या धोंडीरामाकडेही एकच. दोन्ही मिळून जोडी करायची, आज त्याचं रान, उद्या हिचं. ही सावड. शब्द कुठून आला, असं मी विचारलं.

"सावडणं म्हंजी गोळा करणं," ती म्हणाली. "एकट्याचं भागत न्हाई, म्हनून गोळा व्हायचं."

बहात्तरच्या दुष्काळात धोंडीराम आपला बैल तिच्या दावणीला बांधून कारखान्यावर ऊस तोडायला गेला. कडूबाई दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडायची आणि तिथे खायला मिळालेल्या सुकडीतली अर्धी दोन्ही बैलांना चारायची. दोन्ही जगले.

पुढच्या जूनमध्ये पाऊस झाला. रानात पेरणीजोगी ओल फार तर चार दिवस टिकणार होती. पहिल्या दिवशी धोंडीरामाचं रान पेरून झालं. दुसऱ्या दिवशी कडूबाई बियाणं ओटीत घेऊन बांधावर उभी राहिली. जोडी दिसली ती सोसायटीचे चेअरमन बबनराव यांच्या रानात. धोंडीरामाला संचालक व्हायचं होतं.

"धोंडीभावजी, आज माजी पाळी हाय."

"वयनी, आता सहकार आलाय. सावड कुटं घिऊन बसलीस?"

"त्यातला एक बैल माजा हाय."

"मग सोडून ने. एका बैलानं पेर."

गडी हसले. तिने बैल सोडून नेला आणि दोन दिवस घरोघर दुसरा मागत फिरली. आमच्याही दारात आली. आमच्या गोठ्यात चार बैल होते. चेअरमनला दुखवायचं नाही, असं आमचे हे म्हणाले. तिचं येणं मी डायरीत तारखेनिशी लिहिलं. बैल दिला नाही.

ओल गेली. तिने खुरप्याने टोकलेलं बी उगवलं नाही. बैल विकून ती दुसऱ्यांच्या टोळीत ऊस तोडायला गेली, माघात ताप घेऊन परतली आणि आठवड्यात गेली.

तिसऱ्या दिवशी राख सावडायला सगळी भावकी जमली. संचालक झालेला धोंडीराम बाह्या सारून पुढे बसला.

"काय बे धोंड्या," भावकीतला त्रिंबक म्हणाला, "वयनीची सावड फेडायला आलास का?"

"आलो की," अस्थी मडक्यात टाकत तो म्हणाला. "पाळी तिचीच व्हती."

आमचे हे घरी येऊन मला हे सांगताना हसले. मग आंघोळीला पाणी काढ म्हणाले.