उघडे डबे, ओली पोती

हे मी माझ्या बायकोलाही कधी सांगितलं नाही. आता ती गेली, दिनकर गेला, त्या दिवशी माळावर असलेले बहुतेक जण गेले — आणि तुमची माझी ओळखसुद्धा नाही, म्हणूनच बहुधा जीभ सैल होते आहे. जरा धीर धरा मात्र. मला सरळ मुद्द्यावर येता येत नाही. जन्मभर वकिली केली, दुसरं काय होणार?

एकोणीसशे तीसच्या आसपासची गोष्ट. सोलापुरात तेव्हा खाजगी मोटारी अगदी थोड्या, आणि ज्यांच्याकडे होत्या त्यांना त्या नुसत्या दारात उभ्या करून चैन पडेना. मग शर्यत ठरली. अक्कलकोट रस्त्याच्या बाजूला माळावर मोठं रिंगण आखायचं आणि उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत त्याला फेऱ्या मारायच्या. ज्याच्या फेऱ्या जास्त, तो जिंकला. दिनकर माझा शाळेपासूनचा मित्र. गाडी त्याची, चालवणार तो. माझ्याकडे काम एकच — तो थांबला की झटपट टाकी भरून त्याला परत पिटाळायचं. यात काय एवढं, असं तुम्हाला वाटेल. मलाही तसंच वाटलं असतं तर किती बरं झालं असतं!

पण नाही. मी त्याचं शास्त्र केलं. मुंबईहून दांड्याचा पंप मागवला. तो टाकीत कमी आणि माझ्या विजारीवर जास्त पेट्रोल सोडायचा. मग लांब चोचीचा डबा आणला, तो गुळण्या केल्यासारखा थांबत थांबत ओकायचा. अंगणात पाणी भरभरून माझी तालीम चाललेली, आणि बायको वैतागून म्हणाली, “माझ्याशी लग्न ठरवताना तरी एवढं पारखून घेतलं होतंत का?” शेवटी पत्रेवाल्याकडून एक भलंमोठं नरसाळं करून घेतलं. त्यात पेट्रोल गाळायला मऊ कातडं ताणून बसवतात. कातड्यातून पेट्रोल खाली जातं, पाणी आणि कचरा वर राहतो. उत्तम सोय. पण गाळायला वेळ लागतो — आणि मला वेळ नको होता. मी ते कातडं काढून टाकलं. दिनकरने विचारलं तर म्हणालो, “पेट्रोल चोख असलं की झालं. बिरप्पाकडचं आहे.”

बिरप्पा मंद्रूपचा. घरी पिढ्यान् पिढ्या मेंढरं. ती विकून त्याने आणि त्याच्या धाकट्या भावाने, धोंडिबाने, शहरात पेट्रोलचं दुकान टाकलं होतं. दोघं एका ताटात जेवायचे. बिरप्पाचा माल चोख, असं सगळे मोटारवाले म्हणत, आणि ते खरंच होतं. हे मी मुद्दाम सांगून ठेवतो.

शर्यतीच्या दिवशी ऊन मी म्हणत होतं. डबे तापले. शिवाय मला वाटलं, गाडी आल्यावर बुचं कोण काढत बसणार? म्हणून मी सगळे डबे आधीच उघडून ठेवले. धूळ जाऊ नये आणि गार राहावेत म्हणून उघड्या तोंडांवर ओली पोती टाकली — माठाला ओलं फडकं गुंडाळतो ना, तसं! आणि वाळली की वरून पुन्हा पाण्याचा तांब्या. केवढी अक्कल! शाळकरी पोरानेही विचारलं असतं की हे पाणी ठिबकून जाणार कुठे. मला कुणी विचारलं नाही, आणि मी स्वतःला विचारलं नाही.

दिनकर आला. मी नरसाळं लावलं, डबे भडाभडा रिकामे केले. असा वेग कुणी पाहिलाच नव्हता, लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्याच फेरीला गाडी आचके द्यायला लागली आणि रिंगणाच्या पार पलीकडच्या टोकाला बंद पडली. आमची माणसं तिकडे धावली. मी नाही गेलो. मी उरलेल्या डब्यात डोकावलो. तळाशी पाणी दिसत होतं. मग — हे सांगताना अजून स्वतःचा संताप येतो — मी ती पोती उचलली, डबे आणलेल्या बैलगाडीखाली कडब्यात कोंबली, आणि डब्यांना बुचं लावली.

दिनकर धुळीने माखून, चालत परत आला. “पाणी! पेट्रोलमध्ये पाणी!” तो ओरडत होता. आणि मी, कुणी विचारायच्या आत, म्हणालो, “बिरप्पाने घातलं असणार.”

शब्द तेवढेच. पण वकिलाचे! आठवडा सरायच्या आत एकेक मोटारवाला त्याच्या दुकानावरून तोंड फिरवून जायला लागला.

बिरप्पा माझ्या घरी आला. ओट्यावर बसेना, उभाच राहिला. “माज्या डब्यात पानी नव्हतं, वकीलसायेब. तुमचं लोक ऐकत्यात. तुमी तरी सांगा की.” तेव्हा बोलता आलं नसतं? आलं असतं. काय गेलं असतं माझं — चार जण हसले असते, दिनकर महिनाभर रुसला असता. एवढ्याचीच भीती वाटली मला. आणि नुसता गप्प बसलो असतो तरी थोडं निभावलं असतं. पण मी आवाज खाली आणून, हितचिंतकासारखा म्हणालो, “बिरप्पा, तुझ्या घरातच बघ. डबे हाताळतं कोण?”

तो गेला. पुढे दुकान बंद झाल्याचं कळलं. मी चौकशी केली नाही.

काही वर्षांनी एका दाव्याच्या कामाला मंद्रूपला गेलो, बाजाराचा दिवस होता. बिरप्पा मेंढरं विकत होता. मला बघून धावत आला, हात धरून चहाच्या दुकानात घेऊन गेला. मला वाटलं, आता हा चारचौघांत बोलणार. वाटलं, बोलू दे एकदाचा!

तर तो म्हणाला, “तुमी व्हता म्हनून कळलं, सायेब. न्हायतर घरातला चोर दिसला नसता. पानी धोंडिबानंच घातलं व्हतं. लई मारला त्याला. मेलं तरी कबूल करंना. मग हाकलला.”

“आता कुठे असतो?”

“म्हाईत न्हाय. आई त्याचं नाव घेत घेतच गेली.” आणि त्याने माझ्यासाठी आणखी एक चहा सांगितला.

धोंडिबाने पाणी घातलं नव्हतं. मी घातलं होतं. बिरप्पा समोर बसला होता, आणि मी तो दुसरा चहाही प्यालो.