काळी चार की काळी पाच

सुधाचा हात मोडला म्हणून मी नाशिक पाहिलं. सुधा माझी मावसबहीण. नोकरी बँकेत, आणि मखमलाबादच्या फुलमळ्यांतल्या बायकांचं जे भजनी मंडळ आहे त्याची पेटी ती वाजवायची. नव्वदच्या दशकाचा शेवट होता, जानेवारी महिना. रविवारी मंडळाची स्पर्धा आणि ही बुधवारी स्कूटरवरून पडली. "शाळेत गाणंच शिकवतेस ना, मग रजा टाक आणि ये," असं तिने फोनवर सांगितलं. गुरुवारी पहाटे मी सांगलीहून एसटी धरली. संध्याकाळी नाशिकच्या सीबीएस स्टँडवर उतरले तेव्हा थंडीने कान दुखत होते. सुधा प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून उभी होती, आणि दुसऱ्या हातात द्राक्षांची पिशवी. "खात खात चल, रिक्षात गाणं समजावते," म्हणाली.

शुक्रवारी सकाळी मिसळ खाऊन आम्ही मळ्यात गेलो. नाशिकची मिसळ तिखट असते असं मी ऐकलं होतं. ती तिखट नव्हती, पण पाव चार खाल्ले. मळ्यात गुलाबाची तोडणी संपत आली होती. बायका फुलं पाटीत टाकून, हात धुऊन तालमीला बसल्या. मुख्य गाणारी सिंधूबाई, पंचेचाळिशीची, बोलायला कमी. तिची धाकटी जाऊ लता बोलायला भरपूर.

गाणं सिंधूबाईच्या आईचं होतं. गंगेला (नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात) फुलं वाहतानाचं. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. घोटीच्या माहेरी भावाने टेप केलेली एक कॅसेट तेवढी उरली होती. ती लावली, सुधाने मला पट्टी सांगितली, "काळी पाच." आपल्याकडे गाणाऱ्याचा सा पेटीवरच्या घरांवरून सांगतात, पांढरी एक, काळी दोन असा. बाईमाणसाला काळी पाच म्हणजे उंच.

सिंधूबाई पहिलं कडवं छान गायली. दुसऱ्या कडव्यात सूर वर जातो तिथे आवाज फाटला. तीनदा फाटला.

"शिडी आणू का?" लता म्हणाली. बायका हसल्या. सिंधूबाईसुद्धा हसली, पण पदराने घाम पुसून.

मी म्हटलं, "काळी चारमध्ये गा. दोन घरं खाली. कुणाला कळणार आहे?"

"मला कळंल," सिंधूबाई म्हणाली. "आईचं गानं हाय ताई. तिनं ज्या पट्टीत म्हटलं त्याच पट्टीत व्हायला पायजे. मला जमत नाय, तर लता म्हणंल. मी मागं टाळ धरते."

हे लताला मान्य होतं, आणि सुधालाही जवळपास मान्य होतं. मला मात्र कॅसेटचा संशय आला होता. पहिली गोष्ट, तिच्यातला सा काळी पाचवर नेमका बसत नव्हता, केसभर खाली होता. दुसरी, गाण्याआधी "आई, म्हण आता" असा एक आवाज येतो, तो दहा वर्षांच्या पोराचा वाटत होता.

"हा कोण?" मी विचारलं.

"पांडूदादा. माझा भाऊ. तवा दोन लेकरांचा बाप होता," सिंधूबाई म्हणाली.

आणि तिसरी गोष्ट, कॅसेटमधली पेटी प्रत्येक वेळी पंचमावर, म्हणजे प वर, आली की पत्रा हलल्यासारखी घरघरत होती. पेटीत प्रत्येक सुराची पितळी पाती वेगळी असते. ती बिघडली की तेवढाच एक सूर घरघरतो. पेटी अजून असेल, तर कुठलं घर घरघरतं ते बघायचं, की सा कुठला होता ते निघतं.

"पेटी हाय घोटीला, माळ्यावर," सिंधूबाई म्हणाली. तिची मुद्रा बदलली नाही. "उद्या जाऊ."

शनिवारी आम्ही दोघीच निघालो. जीपमध्ये चौदा माणसं आणि एक शेळी. पांडवलेणीचा डोंगर मागे पडला, पुढे वाडीवऱ्ह्याला टायर बसलं. ड्रायव्हर म्हणाला, "पाच मिनिटं." पाऊण तास लागला. तेवढ्यात मी रस्त्याकडेला शेळीशेजारी चहा प्यायले. तिथून कळसूबाईची रांग फार स्वच्छ दिसत होती. सिंधूबाई डोंगराकडे बघत नव्हती, टायरकडे बघत होती.

घोटीत भाताचा बाजार. रस्ताभर भाताच्या गिरण्या आणि भुसा, श्वास घेतला की नाकात तूस. पांडूदादांनी दारातूनच "या, या" म्हटलं आणि मी सिंधूबाईकडे पाहिलं. आवाज विहिरीतून आल्यासारखा. हाच माणूस कॅसेटमध्ये पोरासारखा बोलत होता.

"दादा, टेप केलं तेव्हा टेपरेकॉर्डर विजेवर होता की शेलवर?"

"शेलवर. लाइट कुठं असायची तवा? आणि शेल बी उतरलेले. बॅटरीतले काढून त्याच्यात घातले. का?"

मी समजावलं. शेल उतरलेले असले की टेप भरताना हळू फिरते. पुढे ती चांगल्या टेपरेकॉर्डरवर लावली की सगळंच पळतं, आणि पळता पळता वर चढतं. गाणंही, दादाही.

"म्हंजी मी इतकी वर्सं बारक्या पोरावानी बोलतोय त्याच्यात?" दादा म्हणाले. "आणि कुनी बोललं नाय मला."

पेटी खाली आली. भात्याला उंदराने भोक पाडलं होतं. वहिनींनी कणकेची खळ करून दिली, मी वर्तमानपत्राचे तीन थर चिकटवले आणि भाता चुलीजवळ वाळायला ठेवला. तोवर जेवण झालं: नागलीची (नाचणीची) भाकरी, उडदाचं पिठलं, आणि इथला वासाचा भात, जो मी वर काही न घेता नुसता खाल्ला. सिंधूबाईने अर्धी भाकरी परत ठेवली.

हिशोब सोपा होता. सा काळी पाच असेल तर पंचम पांढरी चारवर येतो. सा काळी चार असेल तर काळी दोनवर. मी पेटीपुढे बसले तशी सिंधूबाई भिंतीकडे तोंड करून बसली. "तुमी वाजवा. मी ऐकते," म्हणाली.

मी पांढरी चार दाबली. सूर स्वच्छ आला. दुसऱ्या सप्तकातलीही दाबून पाहिली, स्वच्छ. मग काळी दोन. घर्रर्र.

"हीच," सिंधूबाई पाठमोरीच म्हणाली. "लहानपनापासून ऐकलीय. कंची हाय?"

"काळी दोन. म्हणजे आई काळी चारमध्ये गात होत्या."

ती उठून आत गेली आणि उरलेली अर्धी भाकरी घेऊन आली.

स्पर्धा एका शाळेच्या सभागृहात झाली. आमचा नंबर अकरावा. माइक मधूनच शिट्टी मारत होता. मी काळी चारचा सा धरला. दुसऱ्या कडव्यात लताने माझ्याकडे पाहिलं, मी पेटीकडे. सिंधूबाईचा सूर वर गेला, वर थांबला आणि सावकाश खाली आला. मागच्या रांगेत पांडूदादांनी इतक्या मोठ्याने "वा" म्हटलं की परीक्षकांनी वळून पाहिलं. बक्षीस उत्तेजनार्थ मिळालं, स्टीलचा डबा. "शिडी लागलीच नाय," लता म्हणाली आणि डबा तिनेच उचलला.

सोमवारी सकाळी सिंधूबाई बाजारात फुलं टाकून परस्पर स्टँडवर आली. शेवंतीची जुडी खिडकीतून माझ्या मांडीवर ठेवली.

"ताई, एक इचारू? पांढरी घरघरली असती, तर तुमी काय सांगितलं असतं?"

खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "काळी घरघरली असंच सांगितलं असतं," मी म्हटलं.

"वाटलंच मला," ती म्हणाली. "म्हनून तर पाठ फिरवून बसले. तुमचं तोंड दिसलं असतं तर लगेच कळलं असतं."

गाडी सुटली. सिन्नरपर्यंत मी त्याच वाक्यापाशी होते. मला वाटलं होतं, बाई हट्टी आहे आणि तिला युक्तीने सोडवायला हवं. तिने तर मला खोटं बोलायला जागाही करून ठेवली होती, आणि त्या खोट्याच्या आधाराने गाऊन दाखवायची तयारीही. पेटीने आम्हा दोघींनाही ती वेळ येऊ दिली नाही, हे बरंच झालं. पुण्यापर्यंत मांडीवरची शेवंती ताजी होती.