मिलोच्या पिठाची भिंत

१२ मार्च १९७३, सोमवार. रक्कम एकशे ऐंशी रुपये. हजर: ठेकेदार, दाजी, आमचा तिसरा गडी आणि मी. जागा, नगरच्या एसटी स्टँडासमोरचं हॉटेल. चार चहा झाले. त्यांचे साठ पैसे ठेकेदाराने दिले, म्हणून आम्हाला तो माणूस बरा वाटला.

दाजी आमच्यापैकी कुणाचेच खरे दाजी नव्हते. त्यांची बायको आमच्या गल्लीतली, म्हणून सगळी गल्ली त्यांना दाजी म्हणे. वय पन्नाशीच्या आसपास. तिसरा माझ्या बरोबरीचा, म्हणजे बत्तीस-तेहेतीसचा. तो मला मुनीम म्हणायचा, कारण आमच्यात वही मी ठेवायचो. आम्ही तिघे हातमागावर लुगडी विणणारे. पण लुगडी घेणारी माणसं त्या वर्षी दुष्काळी कामावर खडी फोडत होती. जानेवारीपासून माग बंद होते.

माझा आणि तिसऱ्याचा माग मालकाचा होता. दाजींचा स्वतःचा, सागवानी, त्यांच्या वडिलांनी करून घेतलेला. एका वखारवाल्याने तो लाकडाच्या भावाने, ब्याण्णव रुपयांना मागितला होता. दाजींच्या बायकोला आम्ही आक्का म्हणायचो. ती विड्या वळायची. तिने सांगून ठेवलं होतं की दोन महिन्यांचं थकलेलं भाडं आणि रेशन मिळून पंचेचाळीस रुपये पाडव्याच्या आत आले तर माग राहील, नाहीतर वखारवाल्याला बोलवायचं. यात तिचा राग नव्हता. भाडं दिलं नाही तर खोली जाणार, आणि खोली गेल्यावर माग उभा कुठे करणार?

काम पाथर्डीच्या बाजूला एका गावात होतं. शाळेच्या पाच खोल्या आणि बाहेरची कंपाउंडची भिंत, सगळ्याला चुना द्यायचा. मुदत दहा दिवस. चुना ठेकेदाराचा, बाकी सामान आमचं. रंगकाम कधी केलंय का, असं त्याने विचारलं. दाजी म्हणाले, "कुंचा धरून तीस वर्षं झाली." हे खोटं नव्हतं. मागावर चढवण्याआधी ताण्याला, म्हणजे उभ्या सुताला, पिठाची खळ पाजतात, ती कुंच्यानेच. फक्त तो कुंचा भिंतीवर कधी फिरला नव्हता.

रात्री मी हिशेब मांडला. चुना हाताला लागू नये म्हणून त्यात डिंक घालतात. डिंकाला चोवीस रुपये. एसटीचं भाडं तिघांचं जाऊन-येऊन बारा, दहा दिवसांचा वरखर्च पंधरा. उरले एकशे एकोणतीस, म्हणजे माणशी त्रेचाळीस. दाजींना दोन रुपये कमी पडत होते. मी आकडा वाचून दाखवला. दाजी म्हणाले, "डिंकाच्या जागी खळ घालू. खळ सुताला धरते, ती चुन्याला का धरणार नाही?"

रेशनवर तेव्हा मिलो मिळायचा, परदेशातून आलेली तांबडी ज्वारी. तिची भाकरी कुणाला गोड लागत नसे, पण खळ चांगली होईल असं दाजींचं मत पडलं. पीठ आणि नीळ मिळून नऊ रुपये. मी पुन्हा आकडे मांडले. माणशी अठ्ठेचाळीस आले. मी म्हणालो, जमतंय. ते मी म्हणालो, हे इथे लिहून ठेवतो.

बुधवारी काम धरलं. शाळेच्या आवारात तीन दगडांवर पातेलं चढवलं आणि दाजी खळ शिजवायला बसले. आंबू नये म्हणून त्यात दोन मुठी मीठ टाकलं. शाळेत मुलांना सुकडी, म्हणजे दुष्काळातला सरकारी खाऊ, वाटत असत. पातेल्याची वाफ बघून एक म्हातारी बोगणी घेऊन आली. शाळेला लागून जनावरांची छावणी होती, तिथे तिचे दोन बैल होते आणि तीही तिथेच राहायची. तिला वाटलं, काहीतरी वाटप आहे. दाजींनी ते भिंतीसाठी असल्याचं सांगितलं. म्हातारीने पातेल्यात वाकून पाहिलं.

"भिताडाला जेवू घालताय व्हय?" ती म्हणाली. रागाने नाही, नुसतं विचारलं.

नीळ आणि चुना पडायच्या आत दाजींनी दोन पळ्या तिच्या बोगणीत घातल्या. त्या दिवसाची खळ थोडी पातळ झाली.

मिलोमुळे भिंतीला जरा गुलाबी छटा आली, ती आम्ही जास्त नीळ घालून मारली. मुलं लिंबाखाली शिकत होती आणि आम्ही आत खांदे मोडून घेत होतो. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसणाऱ्या माणसाला हात वर धरायची सवय नसते. संध्याकाळी दाजींना घास तोंडापर्यंत नेतानाही हात धरून यायचा. तिसरा म्हणायचा, "दाजी, पाय खड्ड्यात नसल्यानं तुमचं मन लागंना."

कंपाउंडची भिंत दुसऱ्या शनिवारी पुरी झाली. रविवारी आठवड्याचा बाजार. तिथे ठेकेदार भेटणार होता, म्हणून सकाळी तिघेही गेलो. तो भेटला, पैसे उद्या देतो म्हणाला. दुपारी परत आलो तर छावणीच्या बाजूची भिंत छातीइतक्या उंचीपर्यंत करडी आणि ओली दिसली. त्याच्या वर पांढरी. जनावरं टँकरवर पाण्याला नेताना भिंतीच्या कडेने जात. त्या दिवशी ती पुढे गेलीच नव्हती. साठ-सत्तर गुरं रांगेने भिंत चाटत उभी होती. बरगड्या मोजता येतील अशी. ओढली तरी हलत नव्हती.

म्हातारी तिथेच होती. "मुकं जनावर," ती म्हणाली, "त्याला वासानं कळलं, पीठ हाय म्हून."

तिसरा म्हणाला, "दाजी, वर्षभरात पहिल्यांदा आपला माल खपला."

मी हसलो. दाजीही हसले असावेत, पण ते भिंतीकडे तोंड करून उभे होते. एका बैलाच्या मानेवर हात ठेवून त्यांनी त्याला बाजूला करायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

सोमवारी ठेकेदाराने पाहिलं. तो ओरडला नाही. सगळी बाहेरची भिंत डिंक घालून पुन्हा, आतल्या खोल्यांनाही डिंकाचा एक हात, एवढंच म्हणाला. आणखी चार दिवस गेले. शुक्रवारी त्याने पैसे दिले ते असे: वाया गेलेल्या चुन्याचे चोवीस रुपये चाळीस पैसे, उशिराचे वीस आणि चार चहांचे साठ पैसे कापून, एकशे पस्तीस. त्यातून डिंक चोवीस, पीठ आणि नीळ नऊ, एसटी बारा, वरखर्च वाढून एकवीस. उरले एकोणसत्तर. माणशी तेवीस.

परतीच्या एसटीत मी दाजींना म्हणालो, आमचे दोघांचे घेऊन पंचेचाळीस भरा, नंतर बघू. तिसऱ्यानेही मान हलवली. दाजींनी विचारलं, "तुमच्या घरी काय सांगणार?"  माझ्या घरात सहा माणसं होती आणि डब्यात दोन दिवसांचं पीठ. दाजींनी पुढे विषय वाढवू दिला नाही.

पाडव्याच्या आदल्या दिवशी दाजींनी आम्हा दोघांना बोलावलं. खोलीचा पुढचा अर्धा भाग रिकामा होता. वखारवाला सकाळीच माग घेऊन गेला होता. विणताना पाय सोडायचा जमिनीतला खड्डा तेवढा राहिला होता. दाजी सवयीने त्याच्या काठावर पाय आत सोडून बसले होते. आक्का कोपऱ्यात विड्या वळत होती. तिने वर पाहिलं नाही.

दाजींनी नोटा मोजल्या. म्हणाले, "अठ्ठेचाळीस सांगितले होते, तेवीस मिळाले. पंचवीस राहिले. पीठ घालायचं मी काढलं."

"हिशेब माझा होता, दाजी," मी म्हणालो.

"हिशेब बरोबरच होता. घ्या."

तिसऱ्याने घेतले, काहीतरी थट्टेचं बोलला आणि निघाला. जाता जाता ते पंचवीस रुपये त्याने आक्काच्या सुपात विडीच्या पानांखाली सरकवले. हे मला सहा वर्षांनी आक्काकडूनच कळलं.

भाडं त्या संध्याकाळी चुकतं झालं. खड्डा पुढे त्यांनी मातीने बुजवून घेतला. दाजी नंतर बाजारात हमाली करू लागले. भेटले की चौकशी करायचे, पैशांचा विषय कधी काढला नाही. मीही काढला नाही.

पाडव्याचा आदला दिवस. पंचवीस रुपये रोख, दहाच्या दोन नोटा आणि पाचची एक. देणारे दाजी, घेणारा मी.