सुमनच्या नावाचं पत्र

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तिच्या शेवटच्या दुखण्यातसुद्धा नाही. आता तुम्हाला सांगायला बसले, तर आधी उठून दाराची कडी बघून आले — घरात दुसरं कुणी नाही, तरी. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते असं.

आधी आमच्या शाळेचं सांगते. ते सोपं आहे, म्हणून.

चकलांब्याजवळच्या आमच्या खेड्यात शाळा सातवीपर्यंतच. पुढे शिकायचं तर एसटीनं जायचं, आणि पोरींनी एसटीनं जायचं नाही. पण तेव्हा रोज काहीतरी नवीन येत होतं — फाट्यावर एसटीडीचा पिवळा बूथ, सरपंचाच्या गच्चीवर डिशची छत्री — आणि त्यातच आली ही सरकारी शाळा, जिला भिंतीच नव्हत्या. पुस्तिका टपालानं यायच्या, स्वाध्याय सोडवून टपालानं पाठवायचे, आणि रोज दुपारी रेडिओवर धडा. आठवी ते दहावी, सगळं घरात बसून. माझं आणि माझ्या चुलत बहिणीचं, सुमनचं, नाव एकाच दिवशी घातलं. आमचं किराणा दुकान होतं. रेडिओ पुढे गल्ल्याशेजारी, आणि आम्ही दोघी मागच्या खोलीत तांदळाच्या पोत्यांवर वह्या घेऊन. दुकानाच्या ओट्यावर बसलेली चार माणसंही मग आमच्याबरोबर भूगोल शिकायची.

भूगोलाचे सर... त्यांचं तोंड आम्ही कधी पाहिलं नाही. नुसता आवाज. पण तो आवाज "आलं का लक्षात?" असं विचारून जरासा थांबायचा, आणि तो माझ्यासाठी थांबतो असं मला वाटायचं. मी मान डोलवायची. रेडिओपुढे! हसा खुशाल. चौदा वर्षांच्या मुलीला आणखी काय लागतं?

शनिवारी शेवटची पाच मिनिटं सर विद्यार्थ्यांची पत्रं वाचायचे. मलाही लिहायचं होतं. पण माझे स्वाध्याय आण्णा, म्हणजे माझे वडील, पान न् पान बघून स्वतः लिफाफ्यात घालायचे. सुमनचे वडील, आमचे अप्पा, यांना अक्षरओळख नव्हती. तिचा लिफाफा आम्हीच खळ लावून चिकटवायचो. म्हणून माझं पत्र मी तिच्या लिफाफ्यात सरकवलं. खाली तिचं नाव, तिचा रोल नंबर. तिला न सांगता.

लिफाफ्याची अडचण होती म्हणून — असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. ते खोटं आहे. लिफाफा तिचा असला, तरी पत्राखाली माझं नाव घालता आलंच असतं ना? मी घातलं नाही, कारण नाव वाचून दाखवतात हे मला माहीत होतं. मला माझे शब्द त्या आवाजात ऐकायचे होते. आणि त्याचं पुढे जे काही होईल, ते सुमनवर यावं असं मला वाटत होतं. इतकं उघड मी आज पहिल्यांदा सांगतेय.

पंधरा दिवसांनी शनिवारी आवाजानं गावाचं नाव घेतलं. मग सुमनचं — बापाच्या नावासकट. "ही विद्यार्थिनी लिहिते, ज्या दिवशी तुमचा आवाज ऐकू येत नाही त्या दिवशी मला करमत नाही." सर मायेनं हसले आणि पुढच्या पत्राकडे वळले. ओट्यावर कोण बसलंय हे त्यांना काय माहीत? बाहेर कुणीतरी मुद्दाम खाकरलं. आण्णांनी रेडिओ बंद केला. सुमन माझ्याकडे बघत होती. घाबरून नव्हे, नुसती चकित होऊन. सरांचीच काही चूक झाली असं तिला वाटत होतं.

अप्पा शेतातून आले तोवर गावभर झालं होतं. "कावून लिव्हलंस गं?" एवढंच ते म्हणाले.

"म्या न्हाई लिव्हलं, अप्पा. हिला इचारा."

सगळे माझ्याकडे वळले. अप्पांचा आवाज चढलेला नव्हता, त्याचीच मला जास्त भीती वाटली. "तुमी दोघी एका जागी बसता," ते म्हणाले, "लिव्हलं का न्हाई तिनं? एवढंच सांग."

माहीत नाही, असं म्हणता आलं असतं. तेवढं तरी. मी "हो" म्हणाले.

सुमनच्या पुस्तिका त्याच दिवशी बांधून माळ्यावर गेल्या. पुढच्याच उन्हाळ्यात उमापुरात तिचं लग्न लावलं. माझी शाळा चालू राहिली. मी शहाणी ठरले होते. पण अप्पा एकदा म्हणाले होते, ते पत्र मागवून घेतो. अक्षर माझं होतं! पुढचं वर्षभर पोस्टमनची सायकल वाजली की मी मागच्या दारानं न्हाणीत जाऊन उभी राहायची. पत्र आलं नाही. भीती मात्र गेली नाही. अजून कुणी अनोळखी लिफाफा हातात दिला की मी आधी त्यावरचं अक्षर बघते. मी दहावी झाले, डी.एड. झाले, बीडला शिक्षिका झाले. पोरांनी खोटं बोललेलं मला लगेच कळतं.

सुमनचा संसार बरा झाला म्हणतात. त्यानं मी केलं ते काही कमी होत नाही.

गेल्या भाऊबीजेला ती माझ्याकडे उतरली होती. जुन्या गोष्टी निघाल्या, रेडिओ निघाला, आणि ती एकदम हसली.

"इतकी वर्षं समदे म्हणतेत, तर लिव्हलं असंल गं मीच," ती म्हणाली. "मला आता याद न्हाई."

ती माझ्या तोंडाकडे बघत थांबली. घरात आम्ही दोघीच होतो. अप्पा जाऊन दहा वर्षं झाली होती, आण्णाही नव्हते. भ्यायला कुणीही उरलं नव्हतं.

"असेल," मी म्हणाले.