चौथा बोल्ट

डोंगरातल्या कोचकोर गावात लग्न ठरलं की लोक आधी मेंढरांची व्यवस्था करत आणि लगेच तुर्दाकुनला सांगावा धाडत. लग्नात माइक धरणारा तमादा म्हणजे तोच. कोणत्या मामाला दोन शब्दांत खाली बसवायचं, कोणत्या आत्याच्या डोळ्यांत पाणी आणायचं, हे त्याला अचूक कळे. तोंड चाले तसे हात मात्र चालत नसत. घरातली गळकी तोटी त्याची बायको उमुत दुरुस्त करायची आणि तो शेजारी उभा राहून तोटीवर कोट्या करायचा.

याच तोंडानं त्याचा घात केला. वसंतात अशिम मेकॅनिकच्या मुलीचं लग्न झालं. भर मांडवात तुर्दाकुन म्हणाला होता, "आमचे थोरले भाऊ, अशिम बाइके, गाडी खोलताना चार बोल्ट काढतात आणि लावताना तीनच लावतात. जावईबापू, उरलेल्या बोल्टांचं पोतं हुंड्यात मागून घ्या!" मांडव हसून हसून आडवा झाला. अशिम हसला नाही. जेवणही अर्धंच टाकून उठला. तेव्हापासून बाजारात कोणीही भेटो, अशिमला विचारी, "काय बाइके, पोतं भरलं का?"

सप्टेंबर सरताना नारिनचं एक लग्न आटोपून तुर्दाकुन आपल्या जुन्या झिगुलीतून परतत होता. दोलोन खिंडीच्या चढावर इंजिन नुसतं किंचाळायला लागलं आणि गाडी जागची हलेना. करपट वास सुटला. मागच्या सीटवर पाहुणचाराचं मांस पिशवीत थंड होत पडलं होतं. शेवटी एका ट्रकवाल्यानं दोर बांधून माथ्यापर्यंत ओढलं. पुढचा उतार तो ब्रेकवर पाय ठेवून, जीव मुठीत धरून उतरला.

दुसऱ्या दिवशी तो अशिमच्या दारात उभा राहिला. अशिम एका चाकाशी झटत होता. त्यानं मान वर केली नाही.

"बाइके, क्लच गेलाय."

"गेला असेल."

"येत्या शनिवारी परत नारिनला लग्न आहे. तेवढं बघा ना."

"माझ्याकडे तीनच बोल्ट लावतात," अशिम म्हणाला. "तुला चार लागतात. तूच लाव."

"अहो, गंमत होती ती! लोक हसले ना सगळे?"

"हसले. अजून हसतायत."

गावातला दुसरा मेकॅनिक बटाटे काढायला सासुरवाडीला गेला होता. तुर्दाकुन तणतणत घरी आला आणि उमुतसमोर त्यानं घोषणा केली, "क्लच म्हणजे काय मोठं? जुना काढायचा, नवा घालायचा. मी घालतो."

"तुम्ही?" उमुत बटाट्यांची माती झटकत म्हणाली. "अहो, तुम्ही बल्ब लावलात तर घरातला दिवा जातो."

मग काय, तो इरेलाच पेटला. बाजारातून नवी क्लचप्लेट आणली, शेजाऱ्याकडून जॅक आणला, अंगणात सफरचंदाच्या झाडाशेजारी गाडी उचलली आणि खाली पॉपलरचे जाड ओंडके सारले. जुनं लोकरीच्या नमद्याचं अंथरूण घेऊन तो गाडीखाली शिरला. वर्षानुवर्षांची माती आणि ग्रीस थेट तोंडात पडलं. मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट सुटता सुटेना. सुटला तो कपाळावर आपटला. सायलेन्सरच्या नळीचे नट गंजून एकजीव झाले होते. गिअरबॉक्स इंजिनाला धरून ठेवणारे चार बोल्ट होते. त्यातले तीन दिसत तरी होते. चौथा वर, अंधारात, जिथं हात पोचला तर पाना पोचत नाही आणि पाना पोचला तर फिरत नाही, अशा जागी बसला होता. पाना सटकला की बोटांची सालं जात. संध्याकाळपर्यंत तुर्दाकुननं असे शब्द वापरले, की ते माइकवर गेले असते तर कोचकोरमधली लग्नंच बंद पडली असती.

"काय झालं?" उमुतनं विचारलं.

"काही नाही झालं! तेच तर झालंय!"

दुसऱ्या दिवशी दुपारी एकदाचा तो बोल्ट सुटला. क्लचच्या तेलाचा छोटा सिलिंडर त्यानं आधीच सोडवून नळीला लोंबता ठेवला होता. पेडल दाबलं की त्यातून दट्ट्या बाहेर येणार, एवढं त्याला ठाऊक होतं. आई गाडीत बसेल हे मात्र त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. आईला घरात सगळे आपा म्हणत; ती सत्तरी ओलांडलेली. अंगणात वारा बोचरा, गाडीत काचेतून ऊन छान येत होतं. ती ओंडक्यावर पाय देऊन हळूच स्टिअरिंगमागे चढली, सूत कातायला घेतलं आणि आरामात पाय लांब केले, ते नेमके क्लचच्या पेडलवर. खाली दट्ट्या सुटला आणि सगळं तेल तुर्दाकुनच्या तोंडावर आलं.

डोळे चोळत तो बाहेर आला आणि ओरडला, "काय करतेस तू? काही कळतं का? घरात एक जागा नाही तुला बसायला?"

 आपा चाती शालीखाली घेऊन उतरली आणि आत गेली. उमुतनं पाण्याची कळशी आणून त्याच्या डोळ्यांवर ओतली.

"लग्नात आईवर बोलता तेव्हा सगळा मांडव रडतो," ती म्हणाली. "आज आई आत बसून रडतेय. तीही तुमच्यामुळंच."

तुर्दाकुन ओल्या तोंडानं आत गेला. आपा भिंतीकडे तोंड करून बसली होती. त्याला काहीतरी छान बोलायचं होतं. लोकांसाठी शेकडो वेळा बोललेली वाक्यं जिभेवर आली आणि सगळी खोटी वाटली.

"चहा देऊ का?" एवढंच तो म्हणाला.

"दुधाचा दे," आपा भिंतीकडे बघतच म्हणाली.

गिअरबॉक्स खाली घेताना उमुत गाडीखाली आली. तो मेंढ्यापेक्षा जड निघाला आणि तुर्दाकुनच्या छातीवर येऊन बसला. दोघांनी ढकलत, कण्हत तो बाजूला सारला. जुनी प्लेट काढली तर ती झिजून पार गुळगुळीत झाली होती. नवी बसवली. आता गिअरबॉक्स परत वर जाईना. त्याचा दांडा प्लेटच्या मधल्या भोकात शिरायला हवा आणि प्लेट केसभरही सरकलेली चालत नाही. एक दुपार त्यातच गेली. शेवटी उमुतनं सगळं खाली घ्यायला लावलं, स्वयंपाकघरातलं पातळ लाटणं आणलं, त्याला चिकटपट्टी गुंडाळली आणि प्लेटच्या भोकात घालून ती मधोमध आणली. मग दांडा शिरला.

राहिला चौथा बोल्ट. तो आटेच धरेना. तुर्दाकुननं हात मोडेपर्यंत प्रयत्न केले आणि मग बोल्ट हळूच खिशात टाकला.

"किती लावलेत?" उमुतनं विचारलं.

तो पाने गोळा करू लागला.

"तीन?"

"तीन पुरतात!" तो खेकसला. उमुत हसली नाही, नुसती बघत राहिली. ते त्याला जास्त झोंबलं.

तेल भरलं, पेडल पंप केलं, गाडी चालू केली. पेडल पार तळाला गेलं तरी पहिला गिअर पडेना. नुसता करकर आवाज. पुन्हा केलं, पुन्हा करकर. बाजारात प्लेट विकणाऱ्या पोराला फोन लावला. तो म्हणाला, "फुगीर बाजू गिअरबॉक्सकडे केलीत ना?"

तुर्दाकुननं फोन खाली ठेवला आणि हातातला पाना भिरकावला. तो खुराड्यावर आदळला. कोंबड्या अंगणभर उडाल्या. तो जमिनीवर फतकल मारून बसला. फुगीर बाजू इंजिनाकडे होती. सगळं पुन्हा खोलायला हवं होतं.

शनिवारी तो वडापच्या गाडीत कोंबून घेऊन नारिनला गेला. नखं काळी, आवाज बसलेला, कपाळावर टेंगूळ. नवरीच्या वडलांवर एक मस्त चिमटा सुचला होता. ते मांडवाच्या दाराशी अवघडून उभे होते. तुर्दाकुननं तो चिमटा गिळला. लोकांना कार्यक्रम फिका वाटला. "तमादा आजारी आहे का?" कोणीतरी मोठ्यानं विचारलं. 

परतल्यावर तो पुन्हा अशिमकडे गेला. या वेळी दारातच थांबला.

"बाइके, तुमच्या मांडवात मी बोललो ते चुकलं. तुमची लेक होती, दिवस तुमचा होता."

अशिमनं चिंधीला हात पुसले.  "हे मांडवात म्हणाला असतास तर," तो म्हणाला.

"पुढच्या मांडवात म्हणतो."

"नको. पुन्हा हसतील." अशिमनं चिंधी खांद्यावर टाकली. "काय अडलंय?"

"वरचा बोल्ट."

"गिअरबॉक्सच्या पाठीमागून जा. पान्याला जोड लावून लांब कर, गिअरबॉक्सवरून सरळ पुढं ने. आणि तो बोल्ट सगळ्यात आधी धर, बाकीचे मग. आता जा, मला काम आहे."

तो मदतीला आला नाही आणि चहा घे असंही म्हणाला नाही. तुर्दाकुनला वाईट वाटलं, पण आपण त्याच्या जागी असतो तर पान्याची गोष्टही सांगितली नसती, हेही त्याला कळलं.

दुसऱ्यांदा सगळं खोलताना हात आपोआप चालत होते. चिडचिड तेवढीच, फक्त नट कुठं आहे ते आता माहीत होतं. प्लेट उलटली, उमुतनं पुन्हा लाटणं धरलं, चौथा बोल्ट आधी धरला आणि तो आत गेला. सोमवारी दुपारी गाडी गचका देऊन अंगणातून बाहेर पडली. आपा मागे बसली, उमुत पुढे. गावाबाहेर रस्त्यावर गिअर लोण्यासारखे पडत होते. तुर्दाकुनच्या चेहऱ्यावर हसू येणार, तोच खालून खडखडाट सुरू झाला.

"हे काय?" उमुतनं विचारलं.

"सायलेन्सर," तो दात आवळून म्हणाला. "नळी नीट आवळली नाही वाटतं."

"मग आता?"

"आता काय! पुन्हा खाली."

मागून आपा म्हणाली, "आवाज राहू दे रे. निदान तू येतोयस हे लांबून कळेल."

उमुत खिडकीबाहेर बघत राहिली. तिचे खांदे हलत होते. तुर्दाकुननं रागानं गिअर बदलला आणि खडखडत गाडी वळवली.